दोनच थेंब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, तेही चारदा तोंड उघडून मिटल्यावर.

इथे बहारीनला, मुहर्रकमध्ये, आमचं घर विमानतळाला इतकं चिकटून की विमान उतरलं की कपबशा किणकिणतात. ताई आली तेव्हा त्या आवाजाला दचकायची आणि मग स्वतःलाच हसायची. संगमेश्वरची माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं. मला ताप आला की काढा करायची आणि आधी स्वतः घोटभर प्यायची — तोंड जराही वाकडं न करता! "बघ, गोड आहे." कसला गोड, कडूजहर! पण मी प्यायचे. ताईच्या हातचं ना ते.

तिला कॅन्सर होता, हाडांत उतरलेला. व्हिजिट व्हिसावर महिनाभर आली — खरं तर निरोप घ्यायलाच. दोघींना ठाऊक होतं. आली त्याच दिवशी तिची बॅग उपसताना साडीत गुंडाळलेली बाटली सापडली. दुखणं सोसावं म्हणून वैद्यांनी दिलेलं विजयेचं तेल. विजया म्हणजे भांग हो! सोबत नियमांचा कागद: जेवणानंतर दोन थेंब जिभेखाली, मग अर्धा तास पडून राहावे, आपल्या मनाने थेंब वाढवू नयेत. आणि मागच्या बाजूला — परदेशी नेऊ नये. ताईने कागद उलटलाच नव्हता.

इथे सापडलं तर तुरुंग; नवऱ्याची नोकरी, व्हिसा, सगळं खलास. ती आंघोळीला गेली तेवढ्यात मी ते सिंकमध्ये ओतलं. इथवर ठीक — दुसरं काय करणार होते? पण मग तिला सांगायचं ना! इथल्या डॉक्टरकडे नेता आलं असतं, दुखण्यावर दुसरं काही मिळालं असतं. पण ती भोळी, डॉक्टरपुढे तेलाचं सगळं सांगून बसेल, ही भीती. की तिचा पडलेला चेहरा बघायची हिंमत नव्हती? मी बाटलीत तिळाचं तेल भरलं. हिरवट वास यावा म्हणून मश्मूमची — इथल्या तुळशीची — पानं चुरडून टाकली. केवढी ही हुशारी!

आणि नियम मात्र काटेकोर पाळले. थेंब मोजायचे, घड्याळ बघून तिला आडवं करायचे, नव्याने उगवलेल्या तिच्या केसांवरून हात फिरवत बसायचे. ती जुनं काढायची — करवंदं, नदीवरचं धुणं, लाल फ्रॉकसाठी मी घातलेला गोंधळ. किती छान दुपारी होत्या त्या! आजही आठवतात, आवडतात, आणि आवडतात याचीच लाज वाटते. एकदा कळ फार आली. उशीचं टोक मुठीत आवळून म्हणाली, "अगं, आज एक थेंब जास्त दे ना." मी तिला कागद दाखवला. मनाने वाढवायचे नाहीत, ताई. ती दोन थेंबांवरच आडवी झाली.

पण खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही मी.

ती परत गेली, ती बाटली घेऊन. तिथे वैद्य होते, खरं तेल होतं, कायद्याची भीती नव्हती. मग आता काय आडवं येत होतं? एक फोन पुरे होता. भाचा नवी बाटली आणायला निघाला, तर ताईनेच त्याला अडवलं — धाकटीने इतकी जपून पुरवलीय, आधी ही संपू दे. भाच्याने मला हे कौतुकाने सांगितलं. मी हसले.

गणपतीच्या आधी ती गेली. तोवर रोज जेवण झालं की व्हिडिओ कॉल करायची, बाटली फोनपुढे धरायची आणि मला दाखवून दोनच थेंब जिभेखाली घ्यायची. आणि मी इथून म्हणायचे — शाबास, ताई. आता पड अर्धा तास.