वाटीभर जागेतली नवी सिस्टीम

आता काय सांगू तुम्हाला! हातातला चहा आधी खाली ठेवा, हसताना सांडेल. आणि आमच्याकडं काही सांडलेलं चालत नाही.

दुष्काळाची वर्षं होती ती. आमच्या गच्चीवरून जिकडं बघावं तिकडं नव्या इमारती उठत होत्या, शहर नुसतं सुटलं होतं. नळ मात्र आठवड्यातून एकदा यायचा, तोही लाजत लाजत. आई पाहुण्यालासुद्धा विचारायची, "पाणी अर्धा ग्लास देऊ का?" पाहुणाही शहाणा, म्हणायचा, "घोटभर द्या."

अशा दिवसांत कॉलेजात सांगितलं, घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाका. एका डब्यात दोन सिस्टीम! एका घरात दोन मालक, आणि भांडणार नाहीत?

त्यात कॉम्प्युटरमध्ये जोखीम होती. शेजारच्या रेहानाखालांच्या सनाच्या निकाहचे फोटो. त्यांच्याकडची सीडी तडकली होती, त्यामुळं ते फोटो आता फक्त आमच्याकडंच होते. आणि त्यात सनाच्या नानांचा, म्हणजे खालांच्या वडिलांचा, शेवटचा फोटो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

तरी धीर करून लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह लावला. नव्या सिस्टीमनं विचारलं, मला किती जागा देता? पडद्यावर एक पट्टी, तिच्यातली रेघ सरकवायची. मी ती इतकी कोपऱ्यात दाबली, की पुढं सरकेचना. कमीत कमी लागते तेवढी दिली. वर थेंबभर नाही!

मग जे सुरू झालं! पांढऱ्या ओळी झरझर धावायला लागल्या. मी खुर्चीवर मांडी घालून, तोंड उघडं टाकून बघत बसले. काय त्या ओळी, काय तो वेग! शेवटी नवी सिस्टीम उघडली. जांभळी, चकचकीत. तिनं विचारलं, अपडेट्स घेऊ का? घे बाई, म्हटलं. घेतले. म्हणाली, रीस्टार्ट कर.

आता माझी एक खोड. भीतीचं काही असलं की मी डोळे मिटून हात जोडते. दहावीच्या निकालापासूनची सवय आहे. बटन दाबलं, हात जोडले, पुटपुटले. डोळे उघडले तर समोर लिनक्स पासवर्ड मागतंय. दिला. पडदा काळा! परत पासवर्ड. दिला. परत काळा!

पुन्हा रीस्टार्ट, पुन्हा हात, पुन्हा तेच. आणि विंडोज? नावच नाही! गिळलं हिनं विंडोजला. फोटोंसकट.

मी किंचाळले, "आई, नाना गेले गं!"

आई पोळपाट टाकून धावली. "कोण नाना? सनाचे? ते तर मागंच गेले की!"

"परत गेले!"

झालं. आईनं खिडकीतूनच हाक मारली आणि रेहानाखाला दारात. मागं सना. माहेरी आली होती नेमकी.

"क्या हुआ बेटा? अब्बा का फोटो गया बोलते?"

मला हुंदकाच फुटला. खालांनी खुर्ची ओढली, बसल्या, पदर तोंडाशी धरला. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

मग म्हणाल्या, "रोती कायकू? पहले दिखा तो सही."

सना माझ्याच वर्गातली, पण माझ्यापेक्षा चार पट धीट. "कर चालू. माझ्यासमोर कर."

मी बटन दाबलं. डोळे मिटले. हात जोडले.

"ए! डोळे कशाला मिटतीस?"

"देवाचं नाव घेतेय."

"नंतर घे ना! आत्ता बघ!"

उघडले. आणि बघतच राहिले. काळ्या पडद्यावर दोन नावं, एकाखाली एक. वर लिनक्स, खाली विंडोज. खाली एक आकडा हळूहळू उतरत होता. कुणाला बोलावू, असं तो डबा मला विचारत होता! दर वेळी विचारत होता, आणि मी डोळे मिटून देवाशी बोलत होते. बिचारा थोडा वेळ थांबायचा आणि वरच्याला घेऊन पुढं जायचा.

सनानं खालचं नाव दाबलं. आपलं जुनं विंडोज! आणि त्यात नाना. शेरवानीत, हातात जर्द्याची, त्या गोड केशरी भाताची, ताटली, बोळकं उघडं टाकून हसतायत. खालांनी पडद्यावर बोट टेकवलं. आईसुद्धा पिठाच्या हातानं तशीच उभी.

मग सनानं दुसरी सीडी मागितली, फोटो उतरवून घेतले, आणि नव्या सिस्टीमकडं वळली. थोडं खुडबुडली आणि फस्सकन हसली.

"अगं, हिला श्वास घ्यायला जागा नाही! अपडेट्सनंच पोट गच्च भरलं, आता उघडणार कशी? आणि इकडं निम्मी डिस्क रिकामी पडलीय. एवढी जागा राखून ठेवलीस कशासाठी?"

तिघी माझ्याकडं बघायला लागल्या. आणि मी, कॉम्प्युटर शिकणारी मी, अगदी आईच्या आवाजात बोलून गेले,

"उन्हाळ्यासाठी."