त्रेचाळिसावी लिंक

वाचनताई एका जागी पाच मिनिटं स्वस्थ बसलीय, असं तिच्या शेजारणीनेही कधी पाहिलं नव्हतं. पायाला भिंगरीच. गॅसवर चहा ठेवायचा, तेवढ्यात खिडकीच्या काचा पुसायला घ्यायच्या आणि चहा उतू घालवायचा. मागच्या खोलीत भिंतीवर जुनी रजई टांगलेली होती. तिथे माइकसमोर बसली की मात्र हीच बाई दोन-दोन तास हलत नसे. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये तिने लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाल्यावर तो आवाज अंध विद्यार्थ्यांच्या कामी आला. ती त्यांची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करी, म्हणून वाचनताई.

वाचायला बसण्याआधी घसा मोकळा करावा लागतो. गाणारे सूर लावतात, ही धाकट्या भावाशी बोलायची. भाऊ समोर नसायचा, अर्थात. माइक चालू करून "ऐक रे" म्हणायचं, भांडायचं, नाक पुसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग खणखणीत आवाजात "प्रकरण सातवे". आवाज नीट येतोय का हे पाहायला ते बोलणं रेकॉर्ड व्हायचं. फाईलचं नाव 'घसा'. रोज जुनी पुसायची, नवी करायची.

खरा भाऊ अकरा वर्षांत तिच्याशी बोलला नव्हता. आईचं ऑपरेशन तासाभरात करायचं होतं, तो दुसऱ्या गावी होता, हिने एकटीने सही केली. आई टेबलावरून परत आली नाही. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जन्मभर लोकांचे फोन जोडलेस ताई, मला एक फोन करता आला नाही?" त्यावर गप्प बसावं की नाही? पण हिच्या जिभेला हाड नाही. "केला असता तर तू तरी काय दिवे लावणार होतास?" झालं. तो गेला तो गेलाच.

तर आता लिंकची गोष्ट. इतिहासाची बेचाळीस प्रकरणं वाचून झाली होती, परीक्षा चार दिवसांवर आली होती. पूर्वी ती पेन ड्राइव्ह पाठवायची. या वेळी अंध विद्यार्थ्यांच्या संस्थेतल्या कारकुनाने फोनवर शिकवलं, "सगळ्या फाईली क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये चढवा. मग एकेक फाईल निवडून शेअर करायची, 'लिंक असणारा कोणीही' हा पर्याय घ्यायचा, लिंक कॉपी करून ग्रुपवर टाकायची."

"अशी बेचाळीस वेळा?"

"बेचाळीस वेळा."

एवढा धीर हिच्याकडे असता तर आणखी काय हवं होतं! तिने होत्या नव्हत्या त्या सगळ्या फाईली एकदम चढवल्या, अख्ख्या फोल्डरचीच लिंक घेतली, एकोणीस विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली आणि काचा पुसायला गेली.

सकाळी एका विद्यार्थ्याचा फोन आला. "ताई, सगळी प्रकरणं मिळाली. फक्त ते 'घसा' कुठल्या विषयात येतं?"

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. "तू ऐकलंस?"

"खोटं नाही बोलणार. आधी वाटलं प्रस्तावना आहे. मग कळलं, पण थांबवेना." तो अडखळला. "ताई, त्यांना पाठवलंत का हे?"

"कोणाला?"

"ज्यांच्याशी बोलताय त्यांना."

"तू अभ्यास कर," म्हणत तिने फोन ठेवला आणि फोल्डरला 'फक्त मी' असं कुलूप घातलं. दहा मिनिटांत ग्रुपवर एकच आरडाओरडा: ताई, उघडत नाही, ताई, परीक्षा आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता बसावंच लागलं. एकेक फाईल उघडी करायची, लिंक घ्यायची, पाठवायची. दर पाच लिंकांनी ती उठायची, दारापर्यंत जाऊन यायची. एकोणीस जणांतल्या किती जणांनी ऐकलं असेल? 'घसा'बद्दल ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नव्हतं, आणि तेच तिला जास्त खात होतं.

बेचाळीस लिंका दुपारी संपल्या. उरली 'घसा'. पुसून टाकायला बोट नेलं, पण आधी ऐकली. रोज बोलायची, स्वतः ऐकली कधीच नव्हती. पहिली सात मिनिटं नुसतं भांडण, तेच दिवे लावणं. शेवटी पाण्याचा घोट, आणि प्रकरण सुरू करण्याआधी अगदी हळू, "तुला विचारायला हवं होतं रे. मला भीती वाटली, तू नको म्हणशील."

ती रडली. लाज वाटली म्हणून नाही. आईची, त्याची, सगळ्याचीच आठवण आली म्हणून. डोळे पुसायच्या आत तिने लिंक घेतली आणि भावाच्या नंबरवर पाठवली. नंबर तोच असेल की नाही कोण जाणे.

पाठवली मात्र, आणि जीव टांगणीला लागला. फोन पालथा ठेवला, सुलटा केला, पुन्हा पालथा ठेवला. पुसलेल्या काचा परत पुसल्या. मेसेजवर दोन खुणा उमटल्या, निळ्या झाल्या. उत्तर नाही. पाव तास गेला, अर्धा गेला. ऐकून त्याने फोन भिरकावला असणार. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि दोघं एकाच आईची लेकरं.

तेवढ्यात फोन वाजला. मेसेज नव्हता, मेल होता. घाईत तिने त्रेचाळिसाव्या फाईलचं कुलूप काढलंच नव्हतं. मेलवर भावाचं नाव होतं, आणि खाली लिहिलेलं: यांनी 'घसा' ही फाईल उघडण्याची परवानगी मागितली आहे.

त्याखालच्या रिकाम्या चौकटीत त्याने स्वतः टाइप केलं होतं, "ताई, उघडत नाहीये गं. मी थांबलोय."