आमच्या नदीचे पहिले रहिवासी

दादा अमेरिकेत एका नदीच्या खोऱ्यातल्या लहानशा गावात राहतो. आईबाबा सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले, तेव्हा बाबांना रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं आणि घरात बसणं त्यांना अजून जमत नव्हतं. दादा-वहिनी कामावर गेले की ते चालत सुटायचे. तिकडे रस्त्याने चालणारा माणूस इतका दुर्मीळ, की गाड्या थांबवून लोक विचारायचे, तुम्ही ठीक आहात ना? या चौकशीला कंटाळून बाबा एक दिवस गावच्या लायब्ररीत शिरले आणि तिथे त्यांना इतिहास मंडळ सापडलं.

मंडळ म्हणजे पाच म्हाताऱ्या बायका आणि एक कॉफीचं मशीन. दर गुरुवारी जमून त्या खोऱ्याचा इतिहास लिहायच्या. बैलगाड्यांतून कोण आलं, पिठाची चक्की कोणी काढली, पुरात कोणाची गाय वाहून गेली. बाबा पहिल्यांदा गेले त्या दिवशी दोघींचं जोरदार वाजलं होतं. खोऱ्यात कोणाचे पणजोबा आधी आले, असा वाद होता आणि फरक होता अकरा दिवसांचा. बाबांना एकदम घरच्यासारखं वाटलं. ते दर गुरुवारी जायला लागले. जन्मभर सरकारी मसुदे तपासलेले, त्यामुळे स्वल्पविराम घालायचं काम त्यांच्याकडे आलं.

एका संध्याकाळी त्यांनी आईला पहिलं पान मराठीत करून ऐकवलं. आपले पूर्वज आले तेव्हा हे खोरं रिकामं होतं, अशी सुरुवात होती. पुढे, पहिल्या हिवाळ्यात धान्य संपलं तेव्हा इथल्या लोकांनी त्यांना मका दिला.

"रिकामं होतं ना?" आई म्हणाली. "मग मका कोणी दिला?"

बाबांनी पान पुन्हा वाचलं आणि 'रिकामं'खाली पेन्सिलने रेघ मारली.

परत आले ते एक ध्यास घेऊनच. बोरिवली पूर्वेला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दहिसर नदी दिसते. आम्ही तिला लहानपणापासून नाला म्हणत आलो. "नाला म्हणायचं नाही," बाबांनी बॅगा उघडायच्या आधीच बजावलं. "नॅशनल पार्कात उगम आहे तिचा." चार दिवसांत सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली: नदीच्या काठाचा इतिहास लिहायचा आहे, ज्येष्ठ रहिवाशांनी येऊन आठवणी सांगाव्यात, चहा मिळेल. बारा जण आले. मला वाटतं, शेवटच्या दोन शब्दांमुळे.

लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून रिटायर झालेले. ते फाइल घेऊनच बसले होते. "बिल्डिंगमध्ये पहिला ताबा माझा," ते म्हणाले. "हे पत्र."

शेजारच्या विंगमधल्या काकू मूळच्या मालवणकडच्या. यजमान गिरणीत होते, लालबागहून इकडे आलेले. त्यांनी पत्राकडे बघितलंसुद्धा नाही. "ताबो तुमका मिळालो. पण रवाक पयले कोण इला? आमी. लाइट पण नाय होती."

"वहिनी, इतिहासात कागद लागतो."

"मगे कागदार झोपलास काय तुमी?"

चहा दोनदा झाला तरी निकाल लागला नाही. मात्र एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. प्रत्येकाची आठवण सुरू व्हायची ती एकाच वाक्याने: आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं. बाबांनी तेच पहिलं वाक्य म्हणून लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती टाकळ्याची भाजी निवडत होती.

"काहीच नव्हतं?" ती म्हणाली. "ही भाजी देते ती मावशी कुठली, ते विचारलंत का कधी?"

ती मावशी पावसाळ्यात रानभाज्या घेऊन आमच्या गेटपाशी बसते. राहते पार्कातल्या पाड्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वही घेऊन तिच्यासमोर उकिडवे बसले, मी छत्री धरून उभी.

"मावशी, तुम्ही इथे कधी आलात?"

"मी कुठं आले? तुम्ही आलात." तिने काकांच्या स्कूटरकडे बोट दाखवलं. "ती गाडी लावलीये ना, तिथं सासऱ्याचा भात होता. मग माणसं आली, फीत धरून मोजायला लागली. सासू म्हणायची, मोजू दे, पाऊस लागला की जातील."

"मग?"

"मग काय, पाऊस लागला. गेली नाहीत."

बाबांनी सासूचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग त्यांनी विचारलं, नदी तेव्हा कुठून ओलांडायचे? हे बसल्या जागी सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ती टोपली माझ्या ताब्यात देऊन उठली. इमारतीच्या मागे काठावर उतरून ती पुढे आणि बाबा मागे, असे निघाले. मी तोवर तीन गिऱ्हाइकांना भाजी दिली, त्यातल्या एकाला चुकीची. वीस मिनिटांनी दोघं परत आले. बाबा गुडघ्यापर्यंत काळेशार, एका पायात चप्पल नाही. ओलांडायची जागा मिळाली होती आणि तिथेच ते रुतले होते. मावशीने दंडाला धरून ओढून काढलं होतं. वही मात्र कोरडी होती.

पुस्तिका सोळा पानांची झाली. पहिली तीन पानं मावशीच्या सासरची. काका आणि काकू एकाच पानावर लागोपाठच्या ओळींत आले, त्यामुळे दोघंही नाराज. काकांनी महिनाभर लिफ्टमध्ये बाबांशी बोलणं टाकलं. आपलं नाव दुसऱ्या ओळीत आलं म्हणून काकूंनी आंबोळ्या पाठवणं बंद केलं, ते आईला जास्त लागलं.

मावशीला मी गेटपाशीच बसून तिची पानं वाचून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं, सासूच्या वाक्याला हसली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण साहेब चिखलात पडले, ते नाही लिवलं?"

मी वर येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी उरलेल्या प्रती काढल्या, चष्मा लावला आणि एकेका प्रतीत पेनाने चिखलात पडल्याचं वाक्य घालायला बसले.