शून्य ठोकायचं नाही

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी मनीषाच्या भावाचा फोन आला. "दादा, ताई गेली..." झोपेतच हृदय बंद पडलं होतं. वय अवघं एक्केचाळीस. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात शोकसभा झाली, तेव्हा साहेब म्हणाले, मनीषा सगळ्यांना सांभाळून घेणारी होती. धादांत खोटं! नऊ वर्षं मी तिच्या शेजारी बसून प्रोग्रॅम लिहिले. लालबागच्या चाळीत वाढलेली ही बाई कुणाचं ऐकून घेत नसे, आणि म्हणूनच ती मला आवडायची. सभेत मी गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका दवाखान्याच्या मधुमेही रुग्णांसाठी अ‍ॅप करत होतो. रुग्णाने घरी मोजलेली साखर मोबाइलवर लिहायची, ती डॉक्टरांना दिसायची. डेमोच्या आदल्या दिवशी, चाचणीला घेतलेल्या काही रुग्णांच्या नावांपुढे 'नॅन' उमटलं. आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो त्या जावास्क्रिप्टला एखादा आकडा कळला नाही की ती असं लिहून मोकळी होते, म्हणजे 'हा आकडा नाही'. निदान खरं तरी बोलते. साहेब म्हणाले, "घाण दिसतंय, काढ ते." आकडा कळला नाही तर शून्य धर, अशी एक ओळ घालून मी चहाला गेलो. परत आलो तर मनीषा माझ्या खुर्चीत.

"शून्य साखरेचा माणूस जिवंत असतो काय रे? कळलं नाही तर कळलं नाही म्हण ना, शून्य कशाला ठोकतोस?"

मी डेमोचं कारण पुढे केलं. ती ऐकतेय कसली! दवाखान्यातून नंबर घेऊन तिने कॉटन ग्रीनच्या एका आजींना फोन लावला. साखर किती लिहिलीत, विचारलं.

"दोनशे धा लिवलंय गो. मराठीत लिवलंय, माका इंग्लिश आकडे खय जमतत?"

आजींनी देवनागरीत २१० लिहिलं होतं, अगदी बरोबर. प्रोग्रॅमला ते वाचता आलं नाही आणि मी त्याचं शून्य करून टाकलं होतं. मला शरम वाटली.

मनीषा तडक केबिनमध्ये गेली. "आजींचा आकडा बरोबर आहे, अडाणी आपला प्रोग्रॅम आहे. उद्या डेमो होणार नाही." साहेब भडकले, जबाबदारी कोणाची म्हणाले. "माझी. लिहून देते." दिलंही. दोन दिवसांत अ‍ॅप देवनागरी आकडे वाचू लागलं, आणि वाचता आलं नाही तर 'आकडा कळला नाही, पुन्हा लिहा' म्हणून थांबू लागलं. त्या वर्षी तिची बढती हुकली. तिने रडगाणं गायलं नाही, फक्त साहेबांना गुड मॉर्निंग करणं सोडलं.

गेल्या सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. लोक 'पुन्हा लिहा'ला कंटाळतात, तिथे गुपचूप शून्य टाक. "आता हट्ट करायला मनीषा नाहीये."

"मी आहे ना, सर. नाही टाकणार."

तिचं टेबल रिकामं करायचा हुकूम निघालाय. काचेखाली तिच्या अक्षरातला कागद आहे... रिकामी जागा, नुसता स्वल्पविराम, 'अंदाजे दीडशे', 'आज मोजली नाही'. नवा फॉर्म झाला की ती हे सगळं एकेक करून त्यात लिहायची आणि फॉर्म कुठे खोटं बोलतो ते बघायची. काल मी माझा संगणक उचलला आणि त्या टेबलावर जाऊन बसलो. अजून कुणी उठवायला आलेलं नाही. येऊ दे.