मी न निवडलेला खासदार

त्या वर्षी मी एका परपुरुषाच्या नादी लागले होते. नवऱ्याला ते ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत, बँकेतल्या माझ्या टेबलावर डबा उघडायचा आणि पोळीभाजी खात त्या माणसाची भाषणं वाचायची, हा माझा रोजचा नेम झाला होता. माणूस पन्नाशीचा, चष्मेवाला, फोटोत नेहमी कुठल्या तरी म्हातारीचा हात हातात घेतलेला. आमच्या भागाचा खासदार. सिंगापूरच्या संसदेत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द इंटरनेटवर वाचायला मिळतं, हे मला नुकतंच कळलं होतं, आणि कळल्यापासून मला चैन नव्हतं.

गंमत अशी की या माणसाला मत द्यायचा मला हक्क नव्हता. आम्ही पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळालेले, पण पासपोर्ट भारताचा. मत नागरिकांना. शेजारची चिनी बाई नागरिक होती, तिला विचारलं, तर म्हणाली की तिनेही त्याला कधी मत दिलेलं नाही. आमच्या भागात समोर कोणी उभंच राहत नाही, मग मत कसलं? म्हणजे त्याला कोणीच निवडलेलं नव्हतं आणि वाचत होते एकटी मी.

कारण होतं माझा मुलगा. त्याची ज्युनिअर कॉलेजची परीक्षा झाली होती आणि लष्कराचा कागद घरी येऊन पडला होता. इथल्या नागरिकांच्या मुलांना दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा, आणि आईबापांमुळे पीआर झालेल्या मुलांनाही तीच. पीआर घेताना आम्हाला हे सांगितलेलं होतं. पण तेव्हा मुलगा रांगत होता, आणि रांगणाऱ्या मुलाकडे बघून कुठल्या आईला बंदूक दिसते? आम्ही सह्या केल्या आणि शाही पनीर खायला गेलो.

तिकडे पुण्यात माझ्या भावाने पुष्कळ खटपट करून भाच्यासाठी मेडिकलची जागा मिळवली होती. ती दोन वर्षं थांबणार नव्हती. आणि सेवा न करता मुलगा निघून गेला, तर या देशाचं दार त्याला जवळजवळ बंद. राहता राहिला एक उपाय: सेवा पुढे ढकलून घ्यायची. आधी डॉक्टर होऊ दे, मग पळवा त्याला हवं तेवढं. तशी सवलत द्यायची की नाही हे लष्कर ठरवणार. पण लष्कराला पत्र कोण लिहिणार? खासदार.

नवरा आंग मो किओच्या एका कारखान्यात संगणकाच्या चिपा तपासायचा. माणसांपेक्षा त्याला चिपा लवकर कळत. तो म्हणाला, "अगं, हा साधा खासदार. लष्कर त्याचं ऐकणार आहे का?"

"अहो, खासदाराचं पत्र म्हणजे काय चीज असते ते तुम्हाला माहीत नाही. माझ्या काकांनी एका पत्रावर घरी टेलिफोन आणला होता."

"मग त्याच्याकडे टेलिफोनच माग."

आता इथे माझी थोडी कीर्ती सांगायला हवी. याच बाईने, म्हणजे मी, वर्षभर आधी ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी चटया अंथरून बसलेल्या आमच्या मराठी मंडळींपुढे या लष्करी सेवेची तरफदारी केली होती. कोणाच्या तरी भाच्याने पीआर सोडून ऑस्ट्रेलिया गाठला होता, त्यावर मी भेळेचा द्रोण हातात धरून म्हणाले होते, "नियम म्हणजे नियम. म्हणून तर हा देश चालतो. आपल्याकडे प्रत्येकाला सवलत हवी." भेळ संपेपर्यंत मी देश चालवला. एक मैत्रीण तेव्हा नुसती भेळ खात होती. पण लष्कराचा कागद आल्याचं तिला कळलं तशी तिने फोन केला. "काय गं, अभिनंदन. देश चालला का?"

मी बँकेत अंतर्गत हिशेब तपासणीत होते. लोकांच्या कागदांत विसंगती शोधायचा मला पगार मिळायचा. तेव्हा खासदारालाही मी त्याच पद्धतीने घेतलं. दहा-एक वर्षांची भाषणं छापून काढली आणि पिवळ्या पेनाने रंगवली. कॅसिनो आणायचे की नाही यावर तो बराच वेळ विरोधात बोलला होता; घरं कशी बुडतात, बायका कशा रडत त्याच्याकडे येतात, सगळं. आणि शेवटी म्हणाला होता, सरकारने विचारपूर्वक निर्णय घेतला आहे, माझा पाठिंबा आहे. बसभाडं वाढलं तेव्हा गरिबांची बाजू मांडून शेवटी कंपनीच्याही अडचणी समजून घेतल्या. निवृत्तीचं वय, मरणोत्तर अवयवदान, शाळेत मातृभाषा किती कडक असावी (माझा मुलगा शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी शिकला, तो विषय वेगळा) अशा सगळ्या प्रश्नांवर साहेब आधी एकीकडे जात आणि शेवटच्या परिच्छेदात वळत.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. माणूस वळतो. वळणारा माणूस वळवता येतो.

फक्त लष्करी सेवेवरच्या भाषणात तो वळला नव्हता. पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत एकच: श्रीमंताचा मुलगा असो की टॅक्सीवाल्याचा, जुना असो की नवा, सगळ्यांना सारखं. पण मधेच एक वाक्य होतं. "प्रत्येक मुलाची परिस्थिती वेगळी असते, हे एक बाप म्हणून मला कळतं." ते मी इतकं रंगवलं की कागद ओला झाला. त्याच्या पुढचं वाक्य मी रंगवलं नाही. माझ्या हाताखालच्या एखाद्या पोराने असं अर्धंच वाचून अहवाल दिला असता, तर मी त्याला खुर्चीवरून उठवलं असतं.

आठवड्यातून एका संध्याकाळी खासदार लोकांना भेटायचा. जवळच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर बालवाडी होती, तिथेच. मुलाला मी जवळजवळ ओढत नेलं. त्याच्या कानात गाण्याची बोंडं, चेहरा भिंतीसारखा. दारातल्या मुलीने नंबर दिला आणि म्हणाली, "आंटी, तिथे बसा." मी तेव्हा पंचेचाळिशीची, ऑफिसचा स्कर्ट, पायात टाचांचे बूट. आंटी. आणि बसायला बालवाडीच्या खुर्च्या. गुडघे हनुवटीला लावून आम्ही सगळी वस्ती बसलेली: कोणाला पार्किंगचा दंड माफ करून हवा, कोणाला थायलंडहून बायको आणायची. भिंतीवर कागदी फुलपाखरं. मी माझा पिवळा गठ्ठा मांडीवर घेऊन, परीक्षेला आल्यासारखी.

"आई," मुलगा म्हणाला, "मी तुला सांगितलंय ना. आय डोन्ट वॉन्ट, लाह."

"तुला काय हवंय ते आत सांगू नकोस. नुसता उभा राहा."

त्याने मला खरंच सांगितलं होतं. एकदा नव्हे. तो सांगायचा इथल्या, शेवटी 'लाह' लावायच्या इंग्रजीत आणि मी उत्तर द्यायचे "अजून एक पोळी घे." म्हणून तर मी खासदाराकडे वळले. त्या छापील कागदांशी मला वाद घालता येत होता. पोराशी येत नव्हता.

आत खासदार फोटोपेक्षा बारीक निघाला. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. एक स्वयंसेवक शेजारी संगणकावर पत्रं टंकत होता. मी नमस्कार केला आणि माझी केस मांडली, टप्प्याटप्प्याने, तपासणीच्या अहवालासारखी. पुण्याची जागा, तिची मुदत, मुलाचे मार्क. मग त्याचंच वाक्य त्याच्यापुढे ठेवलं.

तो वाचत राहिला. "मॅडम, तुम्ही हे सगळं वाचलं?"

"सगळं. कॅसिनोसुद्धा."

तो जरा कसनुसा हसला. "कॅसिनोसुद्धा," शेजारच्या स्वयंसेवकाला म्हणाला. मग बोट पुढच्या वाक्यावर ठेवून त्याने मला मोठ्यांदा वाचायला सांगितलं. मी वाचलं. "आणि म्हणूनच कोणाही एकाच्या परिस्थितीकडे बघून चालणार नाही."

"सर, कॅसिनोच्या वेळी तुम्ही शेवटी मत बदललंत."

"त्याचं मला वाईट वाटतं," तो म्हणाला. "याचं वाटत नाही. माझे दोन मुलगे जाऊन आले." मग म्हणाला, "पत्र मी लिहीन. जो मागतो त्याला मी लिहून देतो. पण उत्तर काय येणार ते मी आत्ताच सांगू शकतो." आणि मान वळवून मुलाला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

मी मुलाकडे त्या नजरेने बघितलं, जिच्या धाकाने लहानपणी तो दूध संपवायचा.

"सर, माझे सगळे मित्र जातायत," तो म्हणाला. "मी इथेच वाढलो. पुण्यात मी दर वर्षी आजारी पडतो. ती जागा माझ्या आईची आहे, सर. तिला जाऊ दे."

स्वयंसेवकाने टंकणं थांबवलं. खासदाराने शहाण्या माणसासारखं टेबलाकडे बघितलं. मी म्हणाले, "पत्र लिहा." तेवढं मला सुचलं.

घरी येताना मी गठ्ठा छातीशी धरून पुढे चालत राहिले. लिफ्टपाशी मुलगा म्हणाला, "तू चिडलीयस."

"मी विचार करतेय."

"तेच ते."

पत्र गेलं. उत्तर सभ्य भाषेत नकाराचं आलं. मध्ये मी अजून एक दोन दारं ठोठावली, एका ओळखीच्या बँकरला फोन केला, नवऱ्याशी भांडले, पहाटे उठून वेबसाइट उघडून नियम पुन्हा वाचले, जणू रात्रीत कोणी ते बदलणार होतं. मग एका दुपारी भावाला फोन करून जागा सोडून दे म्हणून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, नीट विचार केलायस ना?" मी "हो" म्हणाले. विचार कसला, मला पर्याय उरला नव्हता. मुलगा फेरीबोटीतून लष्कराच्या प्रशिक्षणाच्या बेटावर गेला. पहिल्या दिवशी आईबापांना बरोबर नेतात, भोजनगृहात जेवायला घालतात. मी ताटातली कोंबडी चिवडत होते आणि नवरा शेजारच्या बापाला चिपांबद्दल सांगत होता.

काही महिन्यांनी, सवय सुटत नव्हती म्हणून, मी खासदाराचं नवीन भाषण उघडलं. विषय लष्करी सेवा. आणि त्यात मी होते. नाव नव्हतं. "माझ्या भागातली एक आई माझंच जुनं भाषण घेऊन माझ्याकडे आली. डोळ्यांत पाणी आणून तिने मुलासाठी सवलत मागितली. पण मुलगा म्हणाला, मला माझ्या मित्रांबरोबर जायचं आहे." पुढे तो म्हणत होता, अशा मुलांकडे बघून सवलतींचं दार आणखी घट्ट लावायला हवं. म्हणजे ज्या नियमाला भोक पाडायला मी गेले होते, त्याला माझ्याच हाताने टाका घातला गेला. आणि तो कायमचा नोंदला गेला. इंटरनेटवर. कोणीही वाचावा.

मला राग आला तो डोळ्यांतल्या पाण्याचा. मी रडले नव्हते. मी अहवाल मांडला होता.

पुढच्याच आठवड्यात मी परत नंबर घेतला. त्याच लहान खुर्चीत तासभर बसले. आत गेले आणि म्हणाले, "सर, दुरुस्ती. मी रडले नव्हते."

खासदाराला आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्याने चष्मा काढला. "तुमच्या नंतर एक बाई आल्या होत्या," तो म्हणाला. "त्या रडल्या. त्यांचाही मुलगाच. मी दोघींची एक केली, मॅडम. सभागृहात बोलताना असं होतं."

"आता ते काढता येईल?"

"नाही. छापून झालं." मग त्याने विचारलं, "मुलगा कसा आहे?"

मी काय सांगणार? की तो शनिवारी येतो, मळका गणवेश माझ्यापुढे टाकतो, दुप्पट जेवतो आणि बूटसुद्धा न काढता झोपतो. की त्याला जखमा बांधायच्या पथकात टाकलंय, आणि शेजारच्या म्हातारीचा पाय मुरगळला तर त्याने तो असा बांधला की ती मला लिफ्टमध्ये गाठून कौतुक करते. की मी ते कौतुक ऐकते आणि मनात मोजते, पुण्यात असता तर आत्ता पहिलं वर्ष.

"बरा आहे," मी म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी तुमची बाकीची भाषणं वाचतेय."

"मग जपून बोलायला हवं," तो म्हणाला, आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितलं.

मुलगा पुढे डॉक्टर झाला नाही. इथेच शिकला आणि नोव्हेनाच्या एका इस्पितळात लोकांना पुन्हा चालायला शिकवतो. चांगलं काम आहे, लोक त्याला मिठाई आणून देतात. त्याला स्वतःला याबद्दल कधी काही खंत वाटलेली मी पाहिली नाही. तरी अजून कोणी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर मी "इस्पितळात असतो" एवढंच म्हणते आणि थांबते, आणि समोरच्याने काय समजायचं ते त्याच्यावर सोडते. सून शेजारी असली तर लगेच पुरवणी जोडते, "फिजिओथेरपिस्ट आहे." मग मी तिला आणखी एक पोळी वाढते.