देवाचे पाय

काखेपासून चार बोटं खाली उतरलं की माझं अंग संपतं. म्हणजे असतं ते तिथंच. पोट, मांड्या, पावलं सगळं जागच्या जागी आहे, पण मला त्याची खबर लागत नाही. दवाखान्यात असताना ही हद्द नेमकी कुठं आहे हे शोधायचा मला नादच लागला होता. बोटं मिटत नसल्याने मला स्वतःला काही धरता यायचं नाही, म्हणून आईला पेनाचं टोपण घेऊन टोचायला लावायचो. "हितं?" ती विचारायची. "कळतंय." "आन् हितं?" "न्हाई." रोज तेच. एके दिवशी तिने टोपण उशीखाली सरकवलं आणि पुन्हा काही ते हातात घेतलं नाही. तिला वाटायचं, हद्द खाली सरकेल म्हणून मी वाट बघतोय. खरं तर मला नुसतं जाणून घ्यायचं होतं. लहानपणी मी घरातली घड्याळं उघडून बसायचो, तसलाच हा प्रकार.

मी रग्बी खेळायचो. आमच्या मुळशीतल्या गावात हे समजावून सांगणं म्हणजे एक उद्योगच होता. लंबगोल चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्याने कमरेला मिठी मारून पाडायचं, असं सांगितलं की लोक म्हणायचे, "मंग कबड्डीच की, चेंडू घिऊन." तेवढ्यावर विषय मिटायचा आणि माझं नाव पैलवान पडायचं. पुण्यात कॉलेजला गेल्यावर मी हा खेळ शिकलो आणि मग मला दुसरं काही सुचेनासं झालं. दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी खांद्यात खांदे अडकवून, माना खाली घालून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्यात मी पहिल्या रांगेत असायचो. बाहेर गेलेला चेंडू आत फेकतात तेव्हा एका उंच गड्याला मांड्यांना धरून दोघं जण हवेत उचलतात, त्या उचलणाऱ्यांतही मी असायचो. रेटणं आणि उचलणं, दोन्ही कामं मला मनापासून आवडायची. एका सरावाच्या सामन्यात स्क्रम कोसळला आणि मी मानेवर पडलो. कुणाची चूक नव्हती. काहीतरी मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला आणि वाटलं, कुणाचं मोडलं असेल बरं?

तोवर देवाचा आणि माझा संबंध बेताचाच होता. भैरवनाथाच्या यात्रेत गुलाल उधळायचा, नारळ फोडायचा, संपलं. अपघातानंतर भेटायला येणारा जो तो म्हणायचा, देवाची मर्जी. मला प्रश्न पडायचे. देवाला मर्जी असते, तर ती एवढ्या लांबून माझ्या मानेच्या मणक्यापर्यंत पोचते कशी? एवढ्या गावातून त्याला मीच कसा सापडलो? मी चिडून विचारत नव्हतो, मला खरंच उत्तर हवं होतं. पण लोक खाली बघायचे आणि चहा संपवून उठायचे. शेवटी मी देवाला बाजूला ठेवला. आईने मात्र त्याला घट्ट धरला.

मी अतिदक्षता विभागात असतानाच ती भैरवनाथाला नवस बोलली होती. "माझं पोरगं पायऱ्या चढून तुझ्याम्होरं येईल, तवर पायात चप्पल घालणार न्हाई." आम्हाला हे कळलं तोवर तिच्या टाचा फुटल्या होत्या. रानात अनवाणी, बाजाराला अनवाणी, वैशाखातल्या डांबरावर अनवाणी. त्यात तिला साखरेचा आजार. डाव्या अंगठ्याखाली कधी काय रुतलं ते तिला कळलंच नाही, आणि ती जखम काही केल्या भरेना. पिरंगुटच्या डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल, आणि ते अंगठ्यावर थांबेलच असं नाही. आबा म्हणजे माझे वडील, उरवड्याच्या एका कारखान्यात कामाला आहेत. त्याच संध्याकाळी ते डॉक्टरांनी सांगितलेली मऊ एमसीआर रबराची चप्पल घेऊन आले. खोकं कपाटावर गेलं आणि तिथंच राहिलं.

मी कधीच चालणार नाही, हे मला माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं, आबांनाही माहीत होतं. म्हणजे आई पाय असेपर्यंत अनवाणी चालणार, असा त्याचा सरळ अर्थ होता. मला माझ्या पायांचं कळायचं नाही आणि तिला तिच्या अंगठ्याचं, असे आम्ही दोघं एका घरात राहत होतो. या विचाराने मला जेवण जाईना. देवळातल्या दामूकाका गुरवांनी तिला किती वेळा सांगितलं, "वैनी, नाथाची माफी मागा आन् घाला चप्पल. त्यो समजून घेतो." ती म्हणायची, "आन् समजून न्हाई घेतलं तर? ह्याचं उरल्यालं हात बी गेलं तर?"

मला देवळात उचलून न्यायला माणसं तयार होती. माझा चुलतभाऊ बाळूदादा दर रविवारी दारात येऊन विचारायचा. मी नाही म्हणायचो. उचलून नेलं म्हणजे काही पायऱ्या चढल्या असं होत नाही, असं त्याला ऐकवायचो. कारण बिनतोड होतं, पण आतली गोष्ट वेगळी होती. मी उचलणाऱ्यांतला माणूस. मला पोत्यागत वर घेतलेलं गावाने बघावं, हे मला सोसणार नव्हतं.

चैत्रात भैरवनाथाची यात्रा असते. सकाळी पालखी देवळातून निघते, गावाला फेरी घालते आणि ऊन तापायच्या आत परतते. वाटेत दारोदारी बायका तांब्या घेऊन उभ्या असतात आणि पालखीला खांदा देणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात. आमचं घर देवळाच्या पायथ्याशी, म्हणजे फेरीतलं शेवटचं. अपघातानंतरच्या पहिल्या दोन यात्रांना मी आतल्या खोलीत पडून होतो. तिसऱ्या वर्षी आईने न विचारता माझी खुर्ची उंबऱ्याबाहेर आणून ठेवली.

पालखी आली. चांगभलंचा गजर झाला, आईने आठ पायांवर पाणी घातलं, आणि पालखी निघायची ती निघालीच नाही. असं झालं की आमच्याकडे पालखी जड झाली म्हणतात. लहानपणी मी हे नुसतं ऐकलं होतं. आता समोर घडत होतं आणि मी खुर्चीतून पुढं मान काढून बघत होतो. भार कुठं जातो, कोण चोरतो, कुणाचा गुडघा आधी हलतो, हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. पुढं बाळूदादा होता. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. मागच्या दोघांनी टाचा रोवल्या होत्या. चौघांतला एकही अंग चोरत नव्हता, एकही नाटक करत नव्हता. आणि ती पालखी एरवी दोघं जण हसत नेतील एवढीच. नंतर मी बाळूदादाला खोदून खोदून विचारलं. "मला काय म्हाईत? पाय निगंनात," एवढंच तो म्हणाला. मीही ते तिथंच सोडून दिलं आहे.

दामूकाका म्हणाले, "टेकवा वाईच." आमच्या ओट्यावरची दोन बाकडी पुढं ओढून त्यांवर पालखी टेकवली. ती नेमकी माझ्या तोंडासमोर आली. आजवर मी पालखी उभ्याने, गर्दीतून पाहिलेली, झेंडूच्या माळा आणि गुलाल एवढंच दिसायचं. आज माळ एका बाजूला सरकली होती आणि आत नाथाचा पितळी मुखवटा होता. मिशा, डोळे, कपाळावरचं गंध, हनुवटी, गळा. गळ्यापाशी मुखवटा संपत होता. त्याखाली लाल कापडाची गादी होती, आणखी काही नाही.

मला हसूच आलं. माझं अंग छातीपाशी संपतं, याचं तर गळ्यापाशीच! म्हणजे हिशेबाने माझ्याकडे देवापेक्षा दोन खांदे आणि अर्धे हात जास्त होते. आणि हा कुणाला लाजत नव्हता. याला सकाळी दुसऱ्याने अंघोळ घातली होती, दुसऱ्याने कपडे चढवले होते, चार जणांनी उचलून गावभर हिंडवला होता, आणि हा आपला मिशीत हसत बसला होता. किती वेळ आम्ही एकमेकांकडे बघत होतो, सांगता येणार नाही. तीन वर्षांत मला कुणी असं बरोबरीने भेटलं नव्हतं.

चौघांनी पुन्हा खांदा दिला. आईने पुन्हा तांब्या कलता केला. मी विचारलं, "आई, ह्ये पाय कुणाचं?"

"द्येवाचं."

"बाळूदादाचं हायेत. नखात माती बघ."

"पालखी खांद्यावर हाय तवर नाथाचंच पाय त्ये. गप बस, हात जोड."

पालखी या वेळी लगेच उचलली गेली आणि पायऱ्यांकडे गेली. माझे हात जोडलेले तसेच राहिले. वाजंत्री वर पोचली तरी मी तिचं तेच वाक्य उलटंसुलटं करून बघत होतो. मग मी आयुष्यातली सगळ्यांत अवघड हाक मारली. "बाळूदादा! द्येवाला आत ठिवलं की माघारी या समदी. मला उचला."

ते चौघं आले. दोघांनी खुर्ची पुढून धरली, दोघांनी मागून. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच मी घोटाळा केला. खुर्ची कलली असं वाटून मी मनगटाने चाक दाबायला गेलो आणि ती खरोखरच कलली. बाळूदादा ओरडला, "पैलवान, गप ऱ्हा की! आमी धरलंय न्हवं?" मला माझाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं. मैदानावर हवेत उचललेला गडी घाबरून धडपडायला लागला की मी खालून हेच ओरडायचो. जो धडपडतो तो स्वतः पडतो आणि उचलणाऱ्यांनाही पाडतो. अंग आमच्यावर सोड, वर बघ, बाकीचं आमच्याकडे लागलं. किती जणांना मी हे शिकवलं असेल! मी हात मांडीवर घेतले आणि वर कळसाकडे बघितलं. रडू आलं, ते येऊ दिलं.

आई मागून चढत होती, एव्हाना तापलेल्या दगडांवर, हातात तोच तांब्या. चौघांनी शेवटच्या पायरीवर पाय ठेवले तशी ती पुढं झाली आणि सवयीने तिचा हात खाली वाकला. तिने त्यांच्या पायांवर पाणी घातलं. निम्मं घालून झाल्यावर तिचा हात थांबला. तिने पायांकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. मला त्या वेळी काहीही विचारायचं नव्हतं, आणि माझ्या बाबतीत असं कधी होत नाही.

"आलास व्हय रं," ती म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली.

आबा पुढं आले. त्यांच्या हातात नारळाची पिशवी होती. तिच्या तळातून त्यांनी ती चप्पल काढली. आधीच्या दोन्ही यात्रांना ते ती अशीच पिशवीतून वर आणायचे आणि परत कपाटावर ठेवायचे, हे आम्हाला तेव्हा कळलं. ते तिच्यासमोर चप्पल ठेवणार, इतक्यात मी म्हणालो, "आबा, थांबा. आधी तांब्या द्या माझ्याकडं." बोटं धरत नाहीत, पण दोन मनगटांच्या मध्ये मी तांब्या दाबून धरू शकतो. थोडं पाणी माझ्याच मांडीवर सांडलं, ते मला कळलंही नाही. उरलेलं मी आईच्या पायांवर घातलं. फुटलेल्या टाचा, पट्टी बांधलेला अंगठा. तीन वर्षं मला खांद्यावर घेऊन चाललेले पाय ते, माझेच की. ती पाय मागं घ्यायला लागली, तेव्हा दामूकाका गाभाऱ्यातून म्हणाले, "घालू द्या वैनी, नाथ बघतोय."

जखम भरायला पुढचा सगळा पावसाळा लागला. अंगठा राहिला. मी चालत नाही, चालणारही नाही, आणि नाथाकडे तसलं काही मागावंसं मला वाटत नाही. पालखी का अडली, माळ का सरकली, हे अजून मला माहीत नाही. त्याचं कुतूहल आहेच, ते मरेपर्यंत राहील. पण आपला भार निवांतपणे दुसऱ्याच्या हाती देणं हीसुद्धा एक भक्ती आहे, एवढं मला त्या दिवशी देवाने स्वतः समोर बसून दाखवलं. त्याचे उपकार मी कोणत्या शब्दांत मानू?

आता रोज सकाळी आईच्या चपलांचा आवाज माझ्या खोलीकडे येतो. न्हाणीच्या दाराशी ती चप्पल काढते आणि मला अंघोळ घालते. पूर्वी मी डोळे मिटून घ्यायचो, आता उघडे ठेवतो. माझ्या पायांवर घातलेलं पाणी फरशीवरून वाहत तिच्या पायांपर्यंत जातं. मी विचारतो, "आई, पानी कसं हाय?"

"कोमट हाय," ती म्हणते. आणि मला ते कोमट लागतं.