पाणी कोणी घातलं

तिचं कागदावरचं नाव फिलोमिना. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत ते कोणाच्याच जिभेवर बसलं नाही, म्हणून ती फुलमीना झाली आणि तिनंही हरकत घेतली नाही. हरकत घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं आणि याच गोष्टीचा मला फार राग यायचा. नळावर बायका तिची बादली मागं सारायच्या आणि ही मुकाट मागं सरायची, कडेवर दीड वर्षाची तेरू आणि पोटात सातवा महिना असताना.

छप्पन सालची गोष्ट. गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरांत आमच्या दोन खोल्या भिंतीला भिंत लावून होत्या. माझा नवरा चैतराम रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. तिचा नवरा सवरी छोट्या लाइनीवर इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. आज गाडीवर चढून नैनपूरला गेला की दुसऱ्या दिवशी काळाठिक्कर होऊन परत यायचा, जेवायचा आणि झोपायचा. वाईट माणूस नव्हता, पण त्याचं घरी असणं आणि नसणं यांत फारसा फरक नव्हता. फुलमीना मूळची कामठीची, तिथल्या जुन्या तमिळ कॅथलिक लोकांतली. आई-बाप वारलेले. मी केशोरीची, धानाच्या घरातली. चार वर्षं झाली होती लग्नाला आणि माझ्या घरात पाळणा हलला नव्हता. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात याचा हात आहे.

तिचा दिवस नळापासून सुरू व्हायचा. मग कोळशाची सिगडी, मग सवरीचे काजळी बसलेले कपडे. ते धुवायला ती बसायची ती भिंतीला धरल्याशिवाय उठू शकायची नाही. पाय सुजून पायलीसारखे झालेले. जवळच्या राईस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास दिवसभर यायचा आणि नेमका तोच वास तिला सोसवत नव्हता. गोंदियात राहून धानाच्या वासानं ओकाऱ्या काढणाऱ्या बाईनं जायचं कुठं? ती मोरीशी बसून ओकायची, तोंड धुवायची आणि पुन्हा सिगडीपाशी यायची. तेरू हाती लागेल तो कोळसा तोंडात घालायची, म्हणून तिला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं खाटेच्या पायाला बांधून ठेवायची. पोर रडायची, आई तिकडून गाणं म्हणायची आणि पोर आणखीच रडायची.

"काऊन वं, दवाखान्यात जाऊन नाई राहिली?" मी एकदा खडसावून विचारलं.

"गेली होती. डॉक्टर बोलला, आराम करा," ती म्हणाली आणि हसली. तिला हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं, त्यातली ही एक वेळ.

तिच्या कोनाड्यात मेरीमातेची तसबीर होती, कागदी फुलांची माळ घातलेली. माझ्या सासूबाई, जमुनाबाई, तिला मरीमायच समजत आणि पटकीच्या भीतीनं दुरूनच हात जोडत. दर शुक्रवारी फुलमीना मटणाला शिवायची नाही, जणू एरवी तिच्या घरी रोज शिजत होतं. गोंदियात त्यांची तीन-चारच घरं, तीही लाइनीपलीकडं. महिन्यातून एका रविवारी नागपूरहून फादर यायचे आणि तिकडच्या एका खोलीत मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, व्हायची. त्या दिवशी ही पहाटेपासून पाण्याचा घोट न घेता, डोक्यावर पदर घेऊन, तेरूला उचलून रूळ ओलांडत जायची. पोटुश्या बाईनं उपाशी कशाला जायचं, असं मी म्हणायची. ती म्हणायची, "तेवढंच तर मागते देव."

तेरूच्या आधी तिला एक पोर झालं होतं, हे मला भादव्यात कळलं. मी तिच्याकडं विरजण मागायला गेले तेव्हा ती पोटावर हात ठेवून बसली होती. म्हणाली, दोन दिवस झाले, हालचाल कमी वाटते. मग आपणहोऊन सांगू लागली. पहिलं बाळंतपण इथंच झालं. तिला बाळंतपणात शुद्ध राहत नाही, तेरूच्या वेळीही अर्धा दिवस नव्हती. ती शुद्धीवर आली तोवर पोर घटकाभर जगून गेलं होतं. त्याला कोणी बाप्तिस्मा दिला नव्हता. म्हणून त्यांच्या दफनभूमीत तारेच्या कुंपणाच्या आत त्याला जागा मिळाली नाही. बाहेर, पळसाखाली पुरलं.

"तान्ह्या पोराचा कोणता गुन्हा होता?" मी म्हटलं. "कसा देव हाय वं तुमचा?"

"त्याले दुःख नाही तिथं," ती मला समजावू लागली, जणू पोर माझंच गेलं होतं. "त्या पोरांची वेगळी जागा असते. पण देवापाशी नाही जात ते. मी मेली अन् देवानं मले घेतलं, तरी माझं पोर मले तिथं नाही भेटणार. कधीच नाही."

मला रडू आलं. तिला आलं नाही. ती खूप आधी रडून मोकळी झाली असावी, किंवा मोकळी झालीच नसावी.

मग तिनं माझा हात धरला आणि मागणं मागितलं. पोर जाईल असं वाटलं तर कोणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, फादरच पाहिजे असं नाही, कॅथलिकच पाहिजे असंही नाही. सवरी गाडीवर असेल, लाइनीपलीकडची माणसं येईतो उशीर होईल. भिंतीपलीकडं मीच होते. "तू करशील? धुरपता दाई म्हातारी आहे, तिले शब्द ध्यानात नाही राहत."

मी हो म्हटलं. त्या दुपारी तिनं मला दुधीभोपळ्यावर शिकवलं. लोट्यातलं पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे, नुसतं शिंपडायचं नाही. पाणी वाहत असतानाच म्हणायचं, 'अंतोनी, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा देते.' मुलगी असली तर अन्नम्मा. पोर जिवंत असलं पाहिजे. आणि जिनं पाणी घालायचं, तिनंच शब्द म्हणायचे. हे तिनं मला तीन वेळा सांगितलं. मी भोपळ्याला तीन वेळा बाप्तिस्मा दिला आणि चौथ्या वेळी म्हटलं, आता याची भाजी केली तर तुमच्या देवाले चालते का? तेव्हाही ती हसली.

नवरात्रात सासूबाईंनी घट मांडला. दरवर्षी मांडत, पण त्या वर्षीचा माझ्या कुशीसाठी होता. देवरीच्या कोण्या जाणत्यानं त्यांना सांगितलं होतं की नऊ दिवस घटात पेरलेले जवारे शुद्ध राहिले, घरातल्या सुनेला कसला विटाळ लागला नाही, तर वर्षाच्या आत घर भरेल. मी एक वेळ जेवत होते, जमिनीवर झोपत होते. जवारे तरारून वर आले होते आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्याकडं बघून मला आशा वाटू लागली होती.

सातव्या माळेला, दुपारी, फुलमीनाच्या कळा सुरू झाल्या. दिवस पुरे भरले नव्हते. सवरी नैनपूरला. धुरपता दाईला मी बोलावून आणलं, तेरूला आमच्या ओसरीत आणून बसवलं आणि दाराबाहेर थांबले. लाइनीपलीकडं निरोप धाडला होता, पण मालगाडी आडवी उभी होती आणि कोणी येत नव्हतं. आतून धुरपतानं हाक मारली, "शामकला, ये वं. पोरगा हाय. पन याचं काई खरं नाई दिसत. हे त बेसुध पडली."

मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मागून सासूबाईंचा आवाज आला.

"बाळंतिणीच्या विटाळात गेलीस त घट उचलून बाहीर फेकीन. मंग राहा जन्मभर वांझोटी."

इकडे आड, तिकडे विहीर. आत ते पोर धुरपताच्या मांडीवर होतं, निळसर, आणि त्याची छाती मधूनच हलत होती. माझ्यापासून चार हातांवर. चार हात काही लांब नसतात. मी गेले नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि म्हणाले, "धुरपताबाई, लोट्यातलं पाणी त्याच्या डोक्शावर टाका. हळूहळू टाका." तिनं टाकलं. ते वाहत असताना मी बाहेरून एकेक शब्द नीट म्हटला. नाव चुकले नाही, काही चुकले नाही. पोर त्यानंतर डाळ शिजायला लागते तेवढा वेळ जगलं.

दिवे लागायच्या सुमारास फुलमीनानं डोळे उघडले. तोवर लाइनीपलीकडच्या बायका आल्या होत्या. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, दारात मला शोधलं.

"केलंस?"

"केलं. जिवंत होता तवा."

"तूच?"

"मीच," मी म्हटलं.

पाणी तेच, शब्द तेच, देवाला काय कमी-जास्त कळतं, असं मी मनाला सांगितलं. तिनं डोळे मिटले. पोर गेलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असलं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या शब्दावर दुसऱ्या दिवशी सवरीनं आणि त्यांच्या लोकांनी अंतोनीला कुंपणाच्या आत पुरलं.

पुढचे पंधरा दिवस ती रडायची, पण हलकं रडायची. छातीला दूध यायचं, ते ती कापडानं करकचून बांधायची. तेरूला भात भरवताना सांगायची, "भाऊ वर आहे, बघ. आपली वाट पाहते." आणि मला म्हणाली, "शामकला, एक तरी भेटेल मले. तुह्यामुळं." मी मान हलवली. 

मग फादर आले. सडपातळ, पांढरा झगा, बोलणं हिंदी. फुलमीनानं मला मुद्दाम बोलावून घेतलं, त्यांना मला दाखवायचं होतं. धुरपता तिथंच बसून तिच्या पायांना तेल चोळत होती. फादर मला म्हणाले, "तुमने बड़ा पुण्य का काम किया."

"पाणी त मी टाकलं जी," धुरपता म्हणाली. "हे बाहीर उभी होती. हिच्या घरी घट बसला होता ना. हे नुसती बोलली."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तेव्हा मी तिला मनात नाही नाही त्या शिव्या दिल्या. आज देत नाही. तिनं जे केलं ते सांगितलं, बस.

फादरांनी माझ्याकडं पाहिलं. "पानी इसने डाला? और शब्द तुमने बोले?"

मी खाली बघत राहिले. त्यांना समजलं.  मग म्हणाले, जो पाणी घालतो त्यानंच बोलायचं असतं, नाहीतर बाप्तिस्मा होत नाही. कबर आहे तिथंच राहू द्या. ईश्वराची दया मोठी आहे. अंतोनीचं नाव मात्र त्यांनी सोबत आणलेल्या रजिस्टरात लिहिलं नाही.

 फुलमीना उठली आणि सिगडीवरचा भात ढवळायला गेली. तिनं माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर मी सुटले असते. त्यानंतर ती मिस्सेला जायची, पण वाटेवरच्या दफनभूमीत वळायची नाही. एकदा सवरीनं विचारलं तेव्हा भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "आत काय अन् बाहेर काय, दोघंही सारखेच."

आमचे जवारे नऊ दिवस शुद्ध राहिले, वाजतगाजत पाण्यात शिरवले. वर्ष गेलं आणि माझं घर काही भरलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात सासूबाई तापानं गेल्या. आणि त्याच सुमारास फुलमीना पुन्हा नळावर मागं उभी राहू लागली, पाय सुजलेले, पोट पुढं आणि पदराला धरून तेरू.

एका दुपारी मी तिच्याकडं गेले. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि किती दिवस घोळवलेलं बोलून टाकलं, "फुलमीना, या खेपेला मी आत येईन. कोणी अडवणारं नाई आता. पाणी मीच टाकीन अन् शब्द बी मीच म्हणीन."

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तू तवाही 'मीच' म्हणाली होतीस, शामकला."

आवाजात राग नव्हता. असता तर मी तिचे पाय धरले असते.